ढोल दाबून पाहिजे

मंडळाच्या या अंकाची आधीची पानं वाचून इथवर आला असाल, तर तुमच्या डोक्यात माझं एक चित्र तयार झालं असेल. अनुभव सांगणारा माणूस म्हणजे केस पांढरे, भिंतीवर निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ, आणि पहिलं वाक्य : ‘मी सिल्वासात आलो तेव्हा इथे नुसतं जंगल होतं.’ तसलं काही मिळणार नाही. माझे केस काळे आहेत, आणि मला रिटायर व्हायचं तर आधी कुठेतरी पक्कं व्हावं लागेल.

दुसरी शंका मंडळाच्या लोकांना आहे. गणपतीत मी स्टेजवर सगळ्यांचे आवाज काढतो, म्हणजे हा आता मिमिक्रीबद्दल लिहिणार आणि आपली इज्जत छापून येणार. अध्यक्षसाहेब, शांत बसा. तुमचा आवाज लिहून दाखवता येत नाही, त्याला नाक लागतं.

मी लिहिणार आहे कॉम्प्रेसरबद्दल.

झालं, आता अर्धं सिल्वासा खूश. इथे ज्याच्या घरात फॅक्टरीवाला नाही असं घर नाही, आणि ज्या फॅक्टरीत हवेचा कॉम्प्रेसर नाही अशी फॅक्टरी नाही. पण हा तोही नाही. आणि ‘तोही नाही’ हे वेळेवर सांगितलं नाही तर काय होतं, ते मी भोगलंय.

माझे पप्पा धाग्याच्या फॅक्टरीत युटिलिटीला आहेत. कॉम्प्रेसर, चिलर, बॉयलर, सगळं तिकडे. एकदा जेवताना मी सहज बोलून गेलो, “पप्पा, मी सध्या कॉम्प्रेसर शिकतोय.” पप्पांचा घास हातात राहिला. पोरगा आवाज काढत फिरतो म्हणून ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या नजरा चुकवल्या, त्याचे डोळे भरून आले. त्यांनी मला काही विचारलं नाही. सरळ जाऊन आपल्या साहेबांना सांगितलं, आणि साहेबांनी मला बोलावलं. साहेब नाशिकचे, एकदम सज्जन.

“कुठल्या मशीनवर चालवता?”

“ढोलावर, साहेब.”

साहेबांनी पप्पांकडे बघितलं. पप्पांनी भिंतीवरच्या सेफ्टीच्या बोर्डाकडे बघितलं.

“आणि प्रेशर किती ठेवता?”

“ते ढोलवाल्या काकांच्या हातावर आहे, साहेब. काका जेवून आले असतील तर जास्त लागतं.”

तेव्हापासून आमच्या घरात हा शब्द काढत नाहीत.

तर माझा कॉम्प्रेसर असा. मी एका रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करतो. मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानावर एक खोली, भिंतींना आतून फॅक्टरीतल्या वेस्ट धाग्याची पोती ठोकलेली, म्हणजे बाहेरची रिक्षा आत ऐकू येत नाही आणि आतला ढोल खालच्या दुकानात. मालक परेशभाई. गुजराती माणूस, मराठी बोलतात पण अर्ध्या रस्त्यात गाडी गुजरातीला वळवतात. मी तिथे आलो ते तोंडाच्या जोरावर. रिक्षावर भोंगा लावून ‘भव्य सेल, भव्य सेल’ करत फिरतात ना, त्यातले निम्मे आवाज माझे. गुजरातीत मी साडीवाला, हिंदीत मी गादीवाला, मराठीत मी दंतवैद्य.

पण स्टुडिओचं खरं पीक म्हणजे बेंजो पार्ट्या. खानवेलपासून पार डोंगरापर्यंत, लग्न म्हटलं की टेम्पोवर बेंजो, पॅड, ढोल आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर. पार्टी मांडवात शिरताना आधी एक ट्रॅक वाजतो, त्याला म्हणतात एन्ट्री. त्यात पार्टीचं नाव गरजतं आणि ढोल वाजतो. एन्ट्रीवर पार्टीची किंमत ठरते. एन्ट्री पडली की पार्टी पडली.

आता हा ढोल मोठा नालायक असतो. एक ठोका छतावर, दुसरा जमिनीवर. मोबाइलवर ऐकला तर मोठे ठोके फाटतात आणि छोटे गायब. म्हणून त्याला कॉम्प्रेसर लावायचा. कॉम्प्रेसर म्हणजे असं समजा, वर्गात एक मास्तर बसवलाय. जो पोरगा जास्त वर डोकं काढेल त्याला टपली. कितीच्या वर डोकं गेलं की मारायची, किती जोरात मारायची, किती पटकन मारायची, आणि हात परत कधी उचलायचा, अशी चार बटणं. सगळे दबून एका उंचीचे झाले की आख्खा वर्गच बाकावर उभा करायचा, म्हणजे एकूण आवाज वाढवायचा. जो मागच्या बाकावर हळू बोलत होता, तोही मग ऐकू येतो. हे शेवटचं वाक्य परत वाचा. मी तेव्हा वाचलं नव्हतं.

आमच्या स्टुडिओत कोणी ‘कॉम्प्रेस’ म्हणत नाही. परेशभाई म्हणतात, दाबलो? “ढोल दाबलो के नहीं?” दाबला, भाई.

मी दाबायला शिकलो व्हिडिओ बघून. कुठला तरी गोरा माणूस बटणं फिरवतो, मी थांबवून आकडे बघतो, तेच आपल्याकडे लावतो. माझं आयुष्यच तसं आहे. कंडक्टर बघितला, कंडक्टर झालो. हेडमास्तर बघितले, हेडमास्तर झालो आणि मार खाल्ला. बघायचं आणि तसंच करायचं, यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. आणि परेशभाई म्हणायचेच, “चाले, चाले.” चालतंय. मी खूश होतो. म्हणजे सागर यायच्या आधी.

सागर माझा मावसभाऊ. शिरपूरकडचा. इथे एका फॅक्टरीत पॅकिंगला लागला होता, ठेकेदाराने ब्रेक दिला, म्हणजे काम सुटलं, आणि तो आमच्या घरी येऊन बसला. बारीक अंगाचा, बोलायला कमी, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी ‘दादा’. दादा, पंखा लावू का. दादा, मी इथे झोपू का. मीच दया येऊन त्याला स्टुडिओत नेला. वायरी गुंडाळायला. हे माझ्या हातांनी झालंय, हे मी विसरू म्हटलं तरी आई विसरू देत नाही. “तूनाच उपकार शेतंस रे बाबा त्यानावर,” घरच्या खान्देशीत म्हणते, तुझेच उपकार आहेत त्याच्यावर, आणि तूप त्याच्या भाकरीवर घालते.

वायरी त्याने अशा गुंडाळल्या की परेशभाई बघत राहिले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग तो माझ्या मागे स्टुलावर बसायला लागला. एक दिवस मी चहाला गेलो, परत आलो तर हा खुर्चीवर. डोळे मिटलेले. एकच बटण धरलंय आणि केसाएवढं इकडे, केसाएवढं तिकडे. मी म्हटलं, “काय रे, रेडिओ लागत नाही का?”

“दादा, हात लवकर उचलला तर ढोल धापा टाकतो. उशिरा उचलला तर पुढच्या ठोक्यावर पण टपली बसते. मधे कुठेतरी त्याचा दम आहे. तो शोधू राहिलो.”

“किती आकड्यावर आहे दम?”

“आकडा नाही बघितला दादा.”

आकडा नाही बघितला! मी व्हिडिओ बघून बघून डोळ्यांना चष्मा लावायच्या बेतात, आणि हा आकडाच बघत नाही.

त्या दिवशी त्याने दाबलेला ढोल परेशभाईंनी ऐकला. मी दाबलेल्या ढोलावर ते ‘चाले’ म्हणतात हे सांगितलंच. सागरच्या ढोलावर ते काहीच म्हणाले नाहीत. नुसते खुर्चीतून थोडे पुढे सरकले. मग म्हणाले, “फरी वगाड.” परत वाजव.

मंडळी, तुम्ही कधी जळलात का? पगारवाढीवरून वगैरे नाही, ते सगळेच जळतात. मी म्हणतो तसं, की समोरच्याचं काम चांगलं आहे हे जगात सगळ्यात आधी तुमच्याच कानाला कळतं. परेशभाईंच्या आधी मला कळलं होतं. त्याच्या ढोलात काठीचा ‘ट’ आधी येत होता, स्वच्छ, मग मागून पोट भरून ‘ढम्म’. ट्-ढम्म. ट्-ढम्म. माझ्या ढोलात मास्तर इतका चपळ की ‘ट’ तोंड उघडायच्या आत टपली. उरायचं ते ढुप्. कोणीतरी गादीवर पडल्यासारखं. तोंडाने मी त्याचा ढोल हुबेहूब काढू शकत होतो. अंघोळ करताना काढायचो. हातून येत नव्हता.

मग मी जे सोपं तेच केलं. तो खाली गेला की त्याच्या बटणांचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि आपल्या कामाला तीच बटणं तशीच लावायची. एकदा त्याने संथ लयीच्या मोठ्या ढोलाला लावलेली बटणं मी ताशाला लावली. ताशा असा वाजला की गिऱ्हाईक म्हणालं, “पोह्यांचा डबा कोणी पाडला?” सागर बाजूलाच होता. हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “दादा, माईकची वायर सैल असेल. मी बघतो.” माझी अब्रू झाकायला मेला वायर तपासायला उठला. अशा माणसाशी भांडायचं कसं?

घरी तर बोलूच नका. आईने दोघांचे ढोल मोबाइलवर ऐकले. त्याचा ऐकून छातीवर हात ठेवला, “इथे वाजला रे.” माझा ऐकून म्हणाली, “तुझा पण छान आहे. मोठा आहे.”

मोठा आहे! भोपळा आहे का तो?

अशात परेशभाईंनी जाहीर केलं की ते आता वापीच्या दुकानात जास्त बसणार. दिवाळीनंतर मिक्सिंगची खुर्ची एकाला द्यायची. स्टुडिओत खुर्ची एकच. जो तिच्यावर बसेल तो ढोल दाबणार, आणि दुसरा स्टँड धरणार, वायरी गुंडाळणार, भव्य सेल करणार. परेशभाई हसत म्हणाले, “गावितभाऊची एन्ट्री आवे छे. दोघे करा. ज्याची गावितभाऊला आवडेल, खुर्ची एनी.” त्याची.

गावितभाऊ म्हणजे खानवेलकडच्या मोठ्या बेंजो पार्टीचे मालक. पांढरी पँट, पांढरे बूट, आणि बोलताना दर वाक्यात ‘आपलं नाव’. त्यांनी सिझनसाठी नवे स्पीकर घेतले होते, त्यांच्यासाठी नवी एन्ट्री हवी होती. ढोल वाजवायला त्यांनी रमणकाकांना पाठवलं. रमणकाका शेतावर राबणारा आडदांड माणूस. उघड्यावर वाजवला तर डोंगरापलीकडे ऐकू जाईल. पण आमच्या बंद खोलीत, कानावर हेडफोन, समोर माईक, आणि काचेपलीकडे सगळे टक लावून बघतायत. काकांचा हात आखडला. ढोल असा वाजवायला लागले की जसं शेजाऱ्याचं दार वाजवतायत.

परेशभाईंनी मला खुणावलं, “तू अंदर जा. काका ने हसाव.”

हे माझं खातं. घाबरलेल्या माणसाला सैल करणं. किती गायक, किती ढोलवाले मी असे सोडवलेत, त्याचं बटण कुठल्याच मशीनला नाही. पण खरं सांगतो, त्या दिवशी आत जाताना काचेतून सागर खुर्चीवर बसलेला दिसला, कानावर हेडफोन, आणि मी आत माकडचाळे करायला, म्हणून माझं पित्त खवळलेलं. मी काकांच्या शेजारी माईकचा स्टँड धरून उभा राहिलो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत, हळू आवाजात, सुरू केलं.

आधी परेशभाई काढले : “बेटा, एसी बंद कर, ढोलला थंडी लागे छे.” काकांची मिशी हलली. मग गावितभाऊ काढले : “ढोल गेला खड्ड्यात! आपलं नाव! आपलं नाव ऐकू आलं पाहिजे. नवरा-नवरीचं नाव नाही आलं तरी चालेल.” काका आता हसत हसत वाजवत होते आणि हात मोकळा सुटला होता, काय हात हो, एक ठोका आभाळ, एक ठोका माती. आणि मग मी शेवटचा काढला. मान खाली, आवाज बारीक : “दादा, हे ठीक आहे का? दादा, मी श्वास घेऊ का?” ठोक्याच्या आवाजात काहीच ऐकू जात नाही हे मला माहीत होतं. काचेपलीकडे सागरने अंगठा दाखवला. मस्त येतंय, दादा.

रेकॉर्डिंग झालं. दोघांना तोच ढोल मिळाला. गावितभाऊंचा फोन आला, मीच उचलला. “बाकी काय पण करा, ढोल दाबून पाहिजे हां. एकदम दाबून!”

दाबून. म्हणजे गिऱ्हाईकच म्हणतंय दाब. मला ताटच वाढून मिळालं. मी मास्तरला सांगितलं, बाबा, आज कोणाला सोडू नकोस. कुजबुजणाऱ्यालाही टपली, आणि जोरात. मग आख्खा वर्ग उचलला तो पार छताला. मीटर लाल झालं की मला बरं वाटायचं. सागरपेक्षा मोठा, सागरपेक्षा मोठा, एवढं एकच गाणं डोक्यात.

तो माझ्या मागून जात होता. थांबला. त्याच्या कानाला काहीतरी लागलं असणार. “दादा,” म्हणाला, “मधल्या जागा एकदा ऐकी ले ना. ठोके बंद करून, नुसत्या जागा.”

मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, आला! आता मला दाब कमी करायला लावणार, म्हणजे याचा वरचढ. मी म्हटलं, “तू तुझ्या जागा बघ.”

“बघितल्या मी. साफ केल्या. म्हणून म्हटलं.”

“सागर, वायरी गुंडाळल्या का?”

तो वायरी गुंडाळायला गेला.

गावितभाऊ ऐकायला आले. कोणाचा कुठला ते परेशभाईंनी सांगितलं नाही. आधी सागरचा वाजला. गावितभाऊंनी मान डोलावली. मग माझा वाजला आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. “हा! हा बघ! आपलं नाव फुटून निघालं पाहिजे ते यात!” आता धंद्यातली गोष्ट सांगतो : लागोपाठ दोन गोष्टी ऐकवल्या तर माणसाला मोठी असेल ती चांगली वाटते. मला हे माहीत होतं. परेशभाईंनाही माहीत होतं, त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं, पण गिऱ्हाईकाच्या तोंडावर काय बोलणार? टेबलावरचे छोटे स्पीकर, वर एसीची घरघर, गावितभाऊ स्वतःच मधे मधे बोलतायत. जागांमधे काय होतं ते कोणाच्याच कानावर गेलं नाही.

खुर्ची माझी झाली. मी तिच्यावर बसून एकदा गोल फिरलो. सागर म्हणाला, “मस्त झालं, दादा.” आणि त्याला खरंच तसं वाटत होतं! मी त्याच्या चेहऱ्यावर कुठे जळल्याचा डाग दिसतो का ते शोधत होतो. काही नाही. पाटी कोरी. त्यामुळे जिंकल्याची मजाही अर्धी गेली.

सिझनच्या सुरुवातीला पार्टीवाले नव्या सेटची पूजा करतात. टेम्पो सजवतात, स्पीकरला हार घालतात, नारळ फोडतात आणि पहिल्यांदा एन्ट्री वाजवतात. ज्यांच्या घरी लग्नं आहेत ते सगळे ऐकायला येतात, तिथेच ऑर्डरी ठरतात. संध्याकाळी खानवेलच्या मैदानात ही गर्दी. गावितभाऊ नवे पांढरे बूट घालून, हातात नारळ. परेशभाई खुर्चीवर. रमणकाका इस्त्रीचा शर्ट घालून बायको, सुना, नातवंडं सगळ्यांना घेऊन आलेले. काकांचा ढोल मशीनमधून निघणार होता, घरच्यांनी तसा कधी ऐकला नव्हता.

ट्रॅक लागला. पार्टीचं नाव गरजलं. टाळ्या. आणि मग ढोल.

ढुप्. ढुप्. ढुप्. ढुप्.

मोठ्या स्पीकरवर मला पहिल्यांदा ऐकू आलं की मी काय केलंय. आभाळ नाही, माती नाही. सगळे ठोके एका मापाचे, पॅकिंगमधल्या खोक्यांसारखे. आणि दोन खोक्यांच्या मधून, आधी एसीची घरघर वर आली, मग त्या घरघरीतून एक माणूस वर आला.

ढुप्. “बेटा, एसी बंद कर.” ढुप्. “ढोलला थंडी लागे छे.” ढुप्.

परेशभाई खुर्चीतून पुढे सरकले. सागरच्या ढोलाला सरकले होते तसे नाही.

साउंडवाल्या पोराला वाटलं हा प्रोग्रामचाच भाग आहे. लोक हसतायत बघून त्याने आवाज वाढवला.

ढुप्. “ढोल गेला खड्ड्यात!” ढुप्. “आपलं नाव!” ढुप्. “नवरा-नवरीचं नाव नाही आलं तरी चालेल!”

मैदान फुटलं. पुढे बसलेली एक म्हातारी शेजारणीला ओरडून सांगत होती, “गावितच आहे तो! पण आज नीट बोलतोय!” ज्यांच्या घरी लग्नं होती ते नवरा-नवरीचे बाप एकमेकांकडे बघायला लागले. गावितभाऊ नारळ धरून तसेच उभे. आणि मग बारीक आवाज आला. “दादा, हे ठीक आहे का?” ढुप्. “दादा, मी श्वास घेऊ का?” ढुप्. पोरांनी तो लगेच उचलला. आख्खं मैदान तालात ओरडायला लागलं, “दादा! ठीक आहे का! दादा! ठीक आहे का!”

माझ्या मिमिक्रीला एवढी दाद आजवर मिळालेली नाही. आणि मला जमीन फाटेल तर बरं असं झालं होतं.

त्या गोंधळात मी रमणकाकांकडे बघितलं. ते हसत नव्हते. त्यांची बायको स्पीकरकडे बोट दाखवून विचारत होती, “यात तुमचा कुठला?” काका मान वाकडी करून ऐकत होते, ऐकत होते. म्हणाले, “नाही समजत.”

सागर टेम्पोवर कधी चढला ते मी बघितलंच नाही. त्याचा ट्रॅक त्याच्या मोबाइलमधे होता. त्याने साउंडवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं, वायर बदलली. एक क्षण मैदान रिकामं झालं, आणि मग ट्-ढम्म. काय सांगू तुम्हाला. काकांचा हात दिसत होता त्यात. वर जाताना दिसत होता, खाली येताना दिसत होता. मधल्या जागा कोऱ्या, इतक्या कोऱ्या की पुढचा ठोका येईपर्यंत लोक थांबून राहायचे. काकांच्या बायकोने काकांच्या पाठीवर चापट मारली. “हा! हा तुमचा!” लोक उठले, पाय टाकायला लागले. गावितभाऊंनी नारळ फोडला. मी टेम्पोच्या मागे लपलो होतो, अंगात आग लागली होती, आणि माझा डावा पाय ताल धरत होता. हरामखोर पाय.

मग सुरू झाली वरात. माझी.

पहिले गावितभाऊ. “ए मिमिक्री! मी दाबून म्हटलं म्हणजे दणकून! दाबून वाजवतात ते दाबून! तू तर ढोलाचा गळा दाबला! आणि वरून माझ्या स्पीकरमधे माझीच फजिती, माझ्या गिऱ्हाईकांसमोर?” मग जवळ येऊन, हळू : “मी खरंच असा बोलतो का रे?” मी त्यांच्या बुटांकडे बघितलं. मान हलवली असती तर मेलो असतो.

मग परेशभाई. ते पूर्ण गुजरातीत गेले, म्हणजे खरं रागावले. त्यातलं छापण्यासारखं एवढंच, की मधल्या जागा न ऐकता माल बाहेर काढणारा माणूस खुर्चीवर नको, स्टुलावरही नको, आणि उद्यापासून भव्य सेल.

हे दोन्ही मी सहन केलं. मोठी माणसं आहेत, ओरडतात, तोपर्यंत मी त्यांचा नवीन सूर पाठ करून घेतो.

सिल्वासाच्या बसला वेळ होता. मी स्टँडवर जाऊन बाकावर बसलो. सागर आला. शेजारी बसला नाही, समोर उभा राहिला. आता म्हणेल, दादा, चहा घेणार का. मी ‘नको’ तोंडात तयार ठेवलं होतं.

“तुले सांगेल व्हतं ना मी? जागा ऐकी ले म्हणून?”

घरचं बोलणं निघालं होतं. आवाज बारीक नव्हता. आमचा सागर असा बोलू शकतो हे मला माहीतच नव्हतं. स्टँडवरची माणसं बघायला लागली.

“माझी नक्कल केली, कर. आख्खं खानवेल मला आता ‘ठीक आहे का’ म्हणणार, म्हणू दे. पण काका घरच्यांना घेऊन आले होते. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचा हात सापडेना स्पीकरमधे! तू आत जाऊन तो हात सोडवला, तूच. दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. आणि बाहेर येऊन तूच चेचून टाकला. कशापायी?”

“गावितभाऊ म्हणाले दाबून...”

“गावितभाऊचं नाव घेऊ नको! जागा ऐकायला एक मिनिट लागतं. परेशभाईंनी सांगितलं असतं तर ऐकल्या असत्या का नाही?”

“असत्या.”

“तो व्हिडिओतला गोरा बोलला असता तर?”

मी बसच्या वाटेकडे बघायला लागलो.

“मग का नाही ऐकल्या? मी सांगितलं म्हणून. बरोबर ना? मी सांगितलं म्हणून.” बस वळून आत आली, दिवे त्याच्या तोंडावर पडले, आणि तो बसच्या आवाजाच्या वर ओरडला. “मला काय कळत नाही वाटतं तुला? फोटो काढतो ते माहीत आहे मला. जळतो तेही माहीत आहे. जळ ना! जळायला कोण नाही म्हणतं? पण कान उघडे ठेवून जळ, भूषण!”